अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजची मेरिट स्कॉलरशिप: बडोद्याच्या एका आईला सविस्तर उत्तर

प्रश्न दांडिया बाजारात राहणाऱ्या एका ताईंचा आहे. मुलगी अकरावीत, सीबीएसई, ह्युमॅनिटीज. दहावीला ९५ टक्के. इतिहास आणि अर्थशास्त्राची आवड. आजोबांकडून मोडी शिकली आहे आणि सुट्टीत घरातले जुने कागद वाचत बसते. अमेरिकेतल्या खासगी लिबरल आर्ट्स कॉलेजात (एकाच शाखेत न अडकवता अनेक विषय शिकवणारं छोटं पदवी कॉलेज) जायचं तिच्या मनात आहे. घरून वर्षाला १६ लाखांपलीकडे जमणार नाही. एका कन्सल्टंटने ‘फुल स्कॉलरशिप मिळवून देतो’ असं सांगून मोठी रक्कम मागितली आहे. ताई विचारतात, एवढ्या मार्कांवर मेरिट स्कॉलरशिप मिळेल का, आणि मोडीबिडीत वेळ घालवण्याऐवजी तिने आता काय करावं?

ताई, स्कॉलरशिप मिळू शकते. पण मार्क आणखी दोन टक्के वाढले तर जेवढा फरक पडेल, त्याच्या कितीतरी पट फरक अर्ज कुठे केला याने पडतो. बडोद्यातल्या मुलांचे अर्ज मी बरीच वर्षं पाहत आले आहे. हुशार मुलांची मदत हुकते ती बहुधा कॉलेजांची यादी करतानाच.

आपल्याकडे स्कॉलरशिप म्हटली की गुणवत्ता यादी आणि कट-ऑफ डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजात मेरिट स्कॉलरशिप ही बहुतांशी फीमधली सूट असते. छापील फी एक आणि प्रत्यक्ष भरली जाणारी दुसरी. तिथल्या कॉलेजांच्या वित्त-अधिकाऱ्यांची नॅकुबो नावाची संघटना दरवर्षी पाहणी करते. अलीकडच्या पाहण्यांनुसार खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ट्यूशन फीमध्ये सरासरी ५० टक्क्यांहून अधिक सूट देतात. जिच्या येण्याने वर्गाचा दर्जा वाढेल, पण जिला दुसऱ्या कॉलेजांचेही दरवाजे उघडे आहेत, अशा मुलीला ओढून आणण्यासाठी ही सूट असते. २००८ नंतर अमेरिकेत जन्म कमी होत गेले आणि ती पिढी आता कॉलेजच्या वयाला पोचली आहे, त्यामुळे ही ओढाताण वाढलीच आहे. ज्या कॉलेजांच्या दाराशी कायम रांग असते त्यांना मात्र कुणाला ओढायची गरज नाही.

म्हणूनच अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, बोडन, पोमोना, वेल्स्ली ही नावाजलेली कॉलेजं मेरिट स्कॉलरशिप देतच नाहीत. तिथे मदत मिळते ती फक्त कुटुंबाच्या गरजेवर. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देतानाही त्याची ऐपत पाहत नाहीत, आणि घेतलं तर त्यांच्या हिशेबाने निघणारी सगळी गरज भागवतात. मात्र प्रवेश मिळणं फार अवघड. तिथे एखाद-दुसरा अर्ज जरूर करा, पण तो मेरिटच्या यादीत मोजू नका.

मेरिट देणाऱ्यांत ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, ओबरलिन, केनियन, डेनिसन, वूस्टर आणि मुलींसाठीचं माउंट होलिओक ही नावं पाहा. अगदी वरच्या टोकाला वॉशिंग्टन अँड लीची जॉन्सन स्कॉलरशिप आणि रिचमंड स्कॉलर्स. या दोन्ही ट्यूशन, राहणं आणि जेवण सगळं भागवणाऱ्या आहेत आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत, पण स्पर्धा अ‍ॅमहर्स्टच्या प्रवेशाइतकीच कडवी.

आता पैसे. आकडे हिशेबापुरते घेते, कोणा एका कॉलेजचे नाहीत. फी, राहणं, जेवण मिळून वर्षाला ८० हजार डॉलर धरा आणि डॉलर ९० रुपये. तुमचे १६ लाख म्हणजे जेमतेम १८ हजार डॉलर. समजा कॉलेजने ३० हजारांची मेरिट दिली. पत्र हातात पडल्यावर घरात पेढे वाटले जातील, पण उरलेले ५० हजार डॉलर म्हणजे वर्षाला ४५ लाख. तुम्हाला लागणारी मदत ६२ हजारांची आहे. म्हणून ‘किती मिळाली’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि दर वेळी ‘आमच्या खिशातून किती जाणार’ हे विचारा.

आणि तेही चारही वर्षांसाठी विचारा. मेरिटची रक्कम बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी ठरते आणि तेवढीच राहते, खर्च मात्र वाढत जातो. वर्षाला ४ टक्के वाढ धरली तर आजचे ८० हजार चौथ्या वर्षी ९० हजार होतात. पहिल्या वर्षी १८ हजार भरणारं घर शेवटच्या वर्षी २८ हजार भरतं, म्हणजे २५ लाखांच्या पुढे. रुपया घसरला तर त्याची भर वेगळी; २०१५ मध्ये डॉलर ६४ रुपयांच्या आसपास होता. आरोग्य विमा, विमानभाडं, हिवाळ्याचे कपडे हे पुष्कळदा पत्रातल्या आकड्यात नसतात. त्यासाठी वर्षाला दोन-चार हजार डॉलर वेगळे ठेवा.

तुमच्या घरासाठी मला तीन वाटा दिसतात. पहिली, सगळा खर्च भागवणाऱ्या मोजक्या स्कॉलरशिप. दोन-तीन अर्ज, आशा ठेवून, पण त्यांच्यावर विसंबून न राहता. दुसरी, मेरिट आणि गरज दोन्ही पाहून मदत देणारी कॉलेजं. इथे मेरिट गरजेच्या मदतीत ‘आणखी वर’ पडत नाही, पुष्कळदा तिच्यातच धरली जाते, हे आधीच ओळखून असा. तिसरी, छापील फी मुळात कमी असलेली आणि मेरिट सढळ हाताने देणारी मध्य-पश्चिमेतली छोटी कॉलेजं. त्यांची नावं आपल्या सुरसागर तलावाच्या पाळीवर कोणी ओळखणार नाही, पण शिकवणं उत्तम असतं. बडोद्यातली ज्यांची गणितं शेवटी जुळली त्यातली बरीच मुलं याच वाटेने गेली. यादीचं मुख्य वजन मी दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवर टाकेन. एकूण दहा-बारा अर्ज पुरेत. यातली अनेक कॉलेजं अर्जाची फी घेतच नाहीत.

कोणतं कॉलेज परदेशी मुलांना खरोखर किती देतं हे शोधायला कन्सल्टंट लागत नाही. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक ठरावीक नमुन्यातला तक्ता प्रसिद्ध करतात. कॉलेजच्या नावापुढे हे शब्द घालून शोधलं की पीडीएफ सापडते. त्यातला एच विभाग उघडा. एच-२-ए मध्ये, गरज नसतानाही मेरिट म्हणून किती विद्यार्थ्यांना सरासरी किती दिलं ते कळतं. एच-६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांचा वेगळा हिशेब असतो: किती जणांना मदत मिळाली, सरासरी किती, एकूण किती. एच-६ मधली सरासरी ६० हजारांच्या जवळ असेल तर ते कॉलेज तुमच्या कामाचं. १५ हजार असेल तर माहितीपत्रक कितीही सुंदर असो, पुढे चला. मग सी विभागात प्रवेश घेतलेल्यांचे सॅट या प्रवेशपरीक्षेचे आकडे पाहा. तिथे खालचा चतुर्थक (पाव मुलं ज्याच्या खाली) आणि वरचा चतुर्थक (पाव मुलं ज्याच्या वर) दिलेला असतो. मेरिट हवी असेल तर मुलगी वरच्या चतुर्थकाच्या आसपास बसली पाहिजे. ‘जेमतेम प्रवेश मिळेल’ अशा कॉलेजात मेरिटची आशा धरणं व्यर्थ. ही दोन पानं पाहायला एका कॉलेजला अर्धा तास लागतो. हे काम मुलीने आणि तुम्ही मिळून एका वहीत करा.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांना उशिरा कळते. बहुतेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली की त्याचा परिणाम प्रवेशावरही होतो. म्हणून काही जण सुचवतात, ‘आत्ता मदत मागू नका, प्रवेश मिळाल्यावर बघू’. हा सल्ला घेऊ नका. अनेक कॉलेजांचा स्पष्ट नियम आहे की प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढच्या चारही वर्षांत मागता येणार नाही. तुम्हाला मदत लागणारच आहे, तर सुरुवातीलाच मागा आणि जिथे मागून चालेल अशीच कॉलेजं निवडा. त्यासाठीचा सीएसएस प्रोफाइल हा फॉर्म १ ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६ डॉलर लागतात. आयकर विवरणपत्र, फॉर्म १६, बँकेची शिल्लक, घराची किंमत सगळं खरं लिहायचं. गावाकडच्या जमिनीत हिस्सा असेल तर तोही.

आता मोडीकडे येते, कारण तुमच्या प्रश्नात माझ्या मते सर्वात मोलाची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती वेळेचा अपव्यय म्हणून लिहिली आहे.

९५ टक्के मिळवलेल्या भारतीय मुलांचे अर्ज या कॉलेजांकडे ढिगाने येतात. सोबत मॉडेल युनायटेड नेशन्स, एक एनजीओ, एक ऑनलाइन सर्टिफिकेट. वाचणाऱ्याला त्यातून मुलगा दिसत नाही. तुमची मुलगी बडोद्यात, जिथे संस्थानाचं दफ्तर मोडीत लिहिलं गेलं, आजोबांशेजारी बसून घरातले कागद उलगडते आहे. लिबरल आर्ट्स कॉलेजात इतिहासाचा प्राध्यापक चार वर्षं जे शिकवणार, ते ती आपणहून करते आहे. तिला थांबवू नका. उलट अकरावीच्या वर्षात याला थोडा आकार द्या. घरातल्या एका बाडाचं नीट लिप्यंतर करू दे. कागद कोणत्या सालचा, कोणी कोणाला लिहिला, कोणते शब्द लागले नाहीत, याची नोंद ठेवू दे. हिशेबाचे कागद असतील तर धान्याचे, कापडाचे, मजुरीचे भाव उतरवून काढू दे. अर्थशास्त्राची आवड तिथेच कामाला येते. शहरात मोडी वाचणारी ज्येष्ठ मंडळी अजून आहेत, त्यांच्याकडे अडलेले शब्द घेऊन जाऊ दे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात इतिहास विभाग आहे. एखाद्या अध्यापकांना नम्रपणे मेल केली तर बहुतेक वेळा उत्तर येतं.

निबंधात मात्र ‘मला आपल्या वारशाचा अभिमान आहे’ असं लिहू नये. शंभर मुलं तेच लिहितात. मोडीत आधी ओळीची रेघ ओढून मग अक्षरं तिला टांगत जायची, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. त्यामुळे एकच ओळ दोन तऱ्हांनी वाचता येते आणि कोणती खरी ते संदर्भावरून ठरवावं लागतं. असा एखादा प्रसंग तिच्या हातून घडला असणारच: आजोबांनी एक वाचलं, तिने दुसरं, आणि शेवटी कशावरून ठरलं. तो एक प्रसंग, तपशिलात, तिच्याच इंग्रजीत. इंग्रजी थोडं साधं असलं तरी चालेल. दुसऱ्याने किंवा एआयने घासून गुळगुळीत केलेला निबंध वाचताना माणूस हरवतो. आणि मेरिटचे निर्णय घेणारे पुष्कळदा त्या विषयाचे प्राध्यापकही असतात, त्यांना खरं काम लगेच ओळखू येतं.

शिफारसपत्रांवर आपली मुलं सर्वात जास्त मार खातात. अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या कॉमन अ‍ॅप या संकेतस्थळावर शाळेकडून स्कूल रिपोर्ट, नववीपासूनचे मार्क आणि समुपदेशकाचं पत्र लागतं. आपल्याकडे बहुतेक शाळांत कॉलेज समुपदेशक नसतो, ते पत्र प्राचार्य लिहितात, आणि त्यात ‘आज्ञाधारक, प्रामाणिक, सुस्वभावी’ एवढंच असतं. त्याचा काही उपयोग होत नाही. ज्या शिक्षकांच्या तासाला ती बोलते, वाद घालते, त्यांनाच विचारा. दहावीनंतर विषय बदलले असले तर अकरावीचे शिक्षक घ्या. मसुदा लिहून देऊ नका, ते अप्रामाणिक आहे आणि सगळी पत्रं एकाच हातची वाटू लागतात. त्याऐवजी मुलीने त्यांना एक पान द्यावं: वर्गात घडलेले तीन-चार प्रसंग, कोणता प्रकल्प केला, कुठे अडखळली. शिक्षक आपल्या शब्दांत लिहितील.

तारखांचा एक खास गुजराती पेच आहे. स्कॉलरशिपच्या मुदती साध्या प्रवेशाच्या मुदतीआधी येतात, पुष्कळदा १ नोव्हेंबर ते १ डिसेंबरच्या दरम्यान. त्याआधी नवरात्र, जिच्यात बडोद्यातली मुलं रात्री घरी नसतात. मग दिवाळीची लांब सुट्टी, शाळेचं ऑफिस बंद आणि प्राचार्य गावाला. बारावीच्या वर्षी शाळेची सगळी कागदपत्रं नवरात्राच्या आधी चढवून झालेली असली पाहिजेत. नववीची मार्कशीट आजच शोधून ठेवा. बोर्डाचा निकाल येईपर्यंत प्रवेशाचे निर्णय होऊन गेलेले असतात, म्हणून अकरावीची वार्षिक आणि बारावीची सहामाही यांना आपण देतो त्यापेक्षा खूप जास्त वजन आहे.

सॅट अनेक कॉलेजांत ऐच्छिक आहे, पण भारतीय बोर्डाच्या मुलीला चांगला स्कोअर मेरिटसाठी मदतच करतो. अकरावी संपता संपता एकदा, गरज वाटली तर बारावीच्या सुरुवातीला पुन्हा. स्कोअर त्या कॉलेजच्या वरच्या चतुर्थकात असेल तर पाठवा, मधोमध असेल तर नीट विचार करून, खाली असेल तर नको.

अर्ली डिसिजनबद्दल, म्हणजे एकाच कॉलेजला आधी करायच्या अर्जाबद्दल, विचाराल म्हणून सांगते. त्यात प्रवेश मिळाला तर जायचं बंधन असतं. मदत अपुरी पडली तर सुटता येतं, पण दुसऱ्या कॉलेजांशी तुलना करायची संधी जाते. मेरिट मागणाऱ्या घराने ही वाट क्वचितच धरावी.

मोठ्या स्कॉलरशिपना अंतिम फेरीत मुलाखत असते, परदेशी मुलांसाठी पुष्कळदा व्हिडिओवर. आपल्या घरांत मोठ्यांचं बोलणं खोडून काढू नये असं वळण असतं आणि ते चांगलंच आहे. पण तिथे चार मुलांना एक उतारा देऊन चर्चा करायला लावतात आणि पाहतात की ही मुलगी दुसऱ्याचं ऐकून घेऊन, आदराने, ‘मला हे पटत नाही, कारण...’ असं म्हणू शकते का. ही सवय एका आठवड्यात लागत नाही. रोज रात्री जेवताना बातमीतला एक विषय घ्या आणि तिला बाबांशी असहमत होऊ द्या, कारण मात्र मागा.

पत्रं मार्चअखेर येतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं. त्या महिन्यात अटी वाचा. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबियासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तिच्यासोबतही परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. आजच्या अटी वेगळ्या असतात: किती जीपीए (४ पैकी गुणांची सरासरी) टिकवायचा, ३.० असेल तर ठीक, ३.५ असेल तर पहिल्या सत्रातच दडपण येतं. एखादं सत्र घसरलं तर सुधारायला मुदत मिळते का? परदेशात एक सत्र शिकायला गेली तर रक्कम सोबत जाते का? बाहेरची दुसरी शिष्यवृत्ती मिळाली तर कॉलेज आपली कमी करतं का? हे प्रश्न मेलवर विचारा आणि उत्तरं लेखी ठेवा.

कराचं कुणी आधी सांगत नाही. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याच्या स्कॉलरशिपमधला ट्यूशन, सक्तीची फी आणि पुस्तकांपुरता भाग करमुक्त असतो. राहण्या-जेवणाला जाणारा भाग करपात्र असतो आणि त्यावर कॉलेज १४ टक्के कापू शकतं. भारत-अमेरिका कर करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना तिथली स्टँडर्ड डिडक्शन घेता येते, त्यामुळे १०४०-एनआर हे तिथलं आयकर विवरणपत्र भरल्यावर बराचसा पैसा परत येतो. पण आधी कापला जातो, म्हणून पहिल्या वर्षासाठी तेवढी सोय हवी.

दोन पत्रं हातात असतील आणि आवडीचं कॉलेज आठ-दहा हजार डॉलरने महाग पडत असेल, तर फेरविचाराची विनंती करता येते. ती मुलीने स्वतः लिहावी. तिथेच का यायचं आहे, घरची परिस्थिती काय, दुसऱ्या तशाच दर्जाच्या कॉलेजने किती दिलं, सोबत त्या पत्राची प्रत. घासाघीस नको, धमकी नको. कधी दोन हजार वाढतात, कधी काहीच नाही, पण सभ्य विनंतीमुळे प्रवेश काढून घेतला असं मी पाहिलेलं नाही.

कन्सल्टंटला पैसे देऊ नका. ‘मिळवून देतो’ असं म्हणणाऱ्याच्या हातात ते नसतंच, निर्णय कॉलेजचा. स्कॉलरशिपच्या रकमेवर टक्केवारी मागणाऱ्यापासून तर लांबच राहा. काही जण कॉलेजांकडूनही कमिशन घेतात, मग यादी तुमच्या मुलीसाठी बनते की त्यांच्यासाठी हे कळत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या एज्युकेशन यूएसए केंद्रांतून मूलभूत मार्गदर्शन मिळतं, सुरुवातीला तेवढं पुरेसं आहे.

आणि इथल्या शक्यताही सोडू नका. अशोका विद्यापीठात मदत मुख्यतः कुटुंबाच्या गरजेवर मिळते. अझीम प्रेमजी विद्यापीठ आता भोपाळलाही आहे आणि तिथेही उत्पन्न पाहूनच मदत देतात. पुण्याचं फ्लेम विद्यापीठ आहे, अहमदाबाद विद्यापीठ तर घरापासून दोन तासांवर. अमेरिकेतलं गणित १६ लाखांत बसलं नाही तर कर्ज काढून जाण्यापेक्षा मी यातलं एखादं निवडायला सांगेन आणि अमेरिकेचा विचार पदव्युत्तरला करायला. पदवीच्या चार वर्षांसाठी राहतं घर गहाण टाकायला मी कोणत्याही आईवडिलांना सांगत नाही.

या महिन्यात एवढंच करा: आठ कॉलेजांचे कॉमन डेटा सेट उतरवून घ्या, एच-६ चे आकडे वहीत मांडा आणि मुलीला सांगा की आजोबांसोबतचं एक बाड वार्षिक परीक्षेआधी पुरं करायचं आहे. आकडे मांडून झाले की पुन्हा लिहा, यादी आपण मिळून पाहू.